तांब्याची कुदळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाची ती आहे त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. आठवतो तो फक्त त्याचा दुखरा दात.

त्या राजाच्या राज्याच्या अगदी टोकाला वाळवंट होतं, आणि वाळवंटात आठ घरांचं एक गाव. गावाला एकच विहीर, पण पाणी गोड. विहिरीच्या पश्चिमेला वाळूचा भला मोठा डोंगर, आणि डोंगर व विहीर यांच्या मध्ये पीलूच्या सोळा झाडांची रांग. झाडं दिसायला अगदी साधी. खोड वाकडं, फांद्या जमिनीला टेकलेल्या. पण त्यांच्या मुळाचं दातवण असं, की चावून टोकाचा कुंचा केला आणि दातांवर फिरवला, की तोंडात मोहरीसारखा झणका उठायचा आणि दात लख्ख व्हायचे. ऐंशी वर्षांची माणसंही त्या गावात फुटाणे फोडून खायची.

मूळ काढायचा एकच नियम होता. मुळाला लोखंड लावायचं नाही. हातानं वाळू उकरायची, बोटाएवढं मूळ तोडायचं, खड्डा बुजवायचा. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं.

एकदा गावातला एक उंटवाला राजधानीला गेला आणि त्याच्याकडचं एक दातवण हातोहाती राजापर्यंत पोचलं. राजाचा दात सहा महिने ठणकत होता. लवंग झाली, तुरटी झाली, वैद्य तर तीन बदलून झाले. पीलूचं दातवण आठ दिवस चावलं आणि राजा भर दरबारात खदखदून हसला. म्हणजे हसायला काही झालं नव्हतं, पण हसता येतंय म्हणून हसला.

लगेच गावात राजाचा दूत आला. तो म्हणाला, "महिन्याभरानं राजकन्येचं लग्न आहे. प्रत्येक पाहुण्याच्या हातात पीलूचं दातवण द्यायचं, असं महाराजांनी ठरवलंय. हजार दातवणं तयार ठेवा. बदल्यात महाराज तुम्हाला हत्ती पाठवतील. घरागणिक एक. सगळं गाव हत्तीवरून वरातीत."

हत्ती! त्या गावात उंटापेक्षा मोठं जनावर कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कुणाची भाकरी नीट भाजली गेली नाही. हत्तीवर चढायचं कसं, शेपटीकडून की कानाकडून, यावर दोन सख्खे भाऊ भांडले. बायका विचारू लागल्या, बसायचं कसं, पुढं तोंड करून की मागं. आयुष्यभर उंटाला घाबरलेला एक आजोबा कुंपणाच्या भिंतीवर चढून बसायचा सराव करू लागला. त्याला खाली उतरवायला चार जण लागले.

गावाचा मुखिया मात्र हिशेबात अडकला होता. हातानं उकरून महिन्याभरात पन्नास मुळं निघतील, फार तर साठ. हजार कुठून आणायची?

तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा उजळला. त्यानं सगळ्यांना विहिरीवर बोलावलं.

"आपला नियम काय आहे?" तो म्हणाला. "मुळाला लोखंड लावायचं नाही. बरोबर? मग आपण लोखंड लावणारच नाही. घरातली तांब्याची भांडी आणा. वितळवू आणि तांब्याच्या कुदळी करू. वाळूत तांबंही चालतं."

हे ऐकताच एकच गलका झाला. काय डोकं चालतंय मुखियाचं. नियमही राहिला आणि हत्तीही आला.

पीलूची निगा एक म्हातारी राखायची. ती म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही रे."

"काकी, यात नियम कुठं मोडतोय ते सांगा," मुखिया म्हणाला.

म्हातारीला सांगता येईना. "माझ्या सासूनं एवढंच सांगितलं होतं. लोखंड लावू नको."

"मग? आपण लावतोय का?"

खरं सांगायचं, तर म्हातारीलाही हत्ती पाहायचा होता. ती घरी गेली आणि आपला तांब्या घेऊन आली. तोही भट्टीत गेला.

मग काय उत्साह होता म्हणून सांगू. सगळं गाव पहाटेपासून खणत होतं. तांब्याची कुदळ सहज खाली जायची. कमरेइतके खड्डे पडले. खालची मुळं जाड, रसरशीत, एकेका मुळाच्या वीस-वीस चिरफळ्या निघत. खड्डे बुजवायला वेळ कुणाला होता? म्हातारी तेवढी तिच्या दारासमोरच्या एका झाडाशी हातानंच उकरत बसे. तिच्या हाताला दुसरी सवयच नव्हती. विसाव्या दिवशी हजार दातवणं मोजून झाली आणि गाव नाचलं.

पंचविसाव्या दिवशी वारा सुटला.

असा वारा दर वर्षी यायचा. पण या वेळी पंधरा झाडं एकामागोमाग एक आडवी झाली, कारण त्यांना धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं. डोंगराची वाळू मोकळी झाली आणि चालत आली. दोन दिवसांनी वारा थांबला तेव्हा विहीर कुठं होती ते दाखवणंही कठीण होतं.

लोक कुदळी घेऊन धावले. जेवढं काढावं तेवढी वाळू वरून पुन्हा यायची. मुखियाच्या हातांना फोड आले तरी तो थांबेना.

म्हातारी तिच्या उभ्या राहिलेल्या एकुलत्या झाडाशी बसली होती. तिनं हाक मारली. "इकडं ये. कुदळ टाक, आणि हातानं उकर."

मुखियानं उकरलं. हात कोपरापर्यंत गेला. त्याखाली उकरलं, की वाळू परत आत घसरायची.

"थांबला ना हात?" म्हातारी म्हणाली. "वरची मुळं माणसाची, खालची झाडाची. सासूला हेच सांगायचं होतं रे. तिच्या काळी खोल खणायला लोखंडाशिवाय दुसरं होतं काय? मी कधी विचारलं नाही, आणि तांब्या आणून दिला."

मुखियाचा हात कोपरापर्यंत वाळूत होता. तो तसाच रडू लागला.

ठरल्या दिवशी हत्ती आले. आठ हत्ती, झुली घातलेले, गळ्यात घंटा. पुढच्या हत्तीचा माहूत खाली उतरला आणि म्हणाला, "आधी जनावरांना पाणी दाखवा." मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याला कळलं. "पखालीत परतीपुरतंच पाणी आहे," तो म्हणाला. "यायचं असेल तर आत्ताच निघा. आणि सगळेच निघा."

सगळं गाव हत्तींवर चढलं. म्हातारीनं पीलूच्या बिया पदरात बांधून घेतल्या. हत्तीवर बसायचं कसं, हे आता कुणाला विचारावं लागलं नाही. गाव नजरेआड होईपर्यंत सगळे मागं तोंड करून बसले होते.

म्हणून सांगतो, नियमातून पळवाट शोधण्याआधी तो नियम का केला, ते शोधावं.