सासूखडकावरची माती

सासूखडकावर सहलीला जायचा बेत असेल तर लाँचची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती भरतीवर ठरते, आपल्या सोयीवर नाही. पाण्याच्या बाटल्या घ्या, पोरांना टोप्या घाला, डबे घ्या. आणि मूठभर माती घ्या. अंगणातली घ्या, अंगण नसेल तर कुंडीतली चालेल. शहरातले लोक हे ऐकून हसतात. मग धक्क्यावर लाँचवाला "माती?" म्हणून विचारतो, तेव्हा रस्त्याकडेची खरवडत बसतात.

बेटावर आज बाग आहे, झोपाळे आहेत, मधोमध चिंचेचं मोठं थोरलं झाड आणि त्याला दगडी पार आहे. खाली मात्र नुसता काळा खडक. एवढ्या झाडांना माती आली कुठून, असं कुणी विचारलं की धक्क्यावर सुकट विकणारी बायोबाई पाटी बाजूला सारते आणि सांगायला लागते. सुकट घेतली नाही तरी सांगते.

फार मागे, म्हणे, पलीकडचं शहर म्हणजे चार गल्ल्यांचा बाजार होता आणि अलीकडे हा कोंडपाडा, कोळ्यांचा. मधल्या खाडीत हा खडक, गवताची काडी नसलेला. गावात देवीची साथ आली की आजारी माणसाला त्यावर नेऊन ठेवायचे. खडकावर उतरलेलं माणूस परत आणायचं नाही, असा गावाचा नेम. बहुतेकांना परत आणायची वेळच यायची नाही, त्यामुळे तो कुणाला जड गेला नव्हता.

गावची तर, म्हणजे खाडीपार नेणारी होडी, गोमी हाकायची. नवरा तुफानात गेला तेव्हापासून वल्हं तिच्या हातात आलं. लोकांना बाजाराच्या काठाला सोडायचं आणि परत आणायचं, दुसरी होडी त्या वाटेला नव्हती. घरात ती आणि तिची सासू हाशी, दोघीच. दोघींचं भांडण सगळा पाडा ऐकायचा. मिठावरून भांडायच्या, जाळ्याच्या गाठीवरून भांडायच्या. एखाद दिवशी एक गप्प राहिली तर दुसरी जवळ जाऊन विचारायची, "काय गो, बरं नाही का वाटत?"

एका वर्षी हाशीला देवी आल्या आणि गावानं तिला खडकावर नेलं. गोमीला लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तोंडावर वण होते. तिला कसली भीती? रोज बाजाराहून परतताना ती तर खडकाला टेकवायची, म्हातारीला पेज पाजायची, अंग पुसायची. एकवीस दिवस असे गेले. बाविसाव्या दिवशी हाशी उठून बसली आणि म्हणाली, "पेजेत मीठ नाही."

गोमी तशीच वल्हवत गावात गेली. सासू बरी झाली, घरी आणते, म्हणाली. लडकू पाटील म्हणाला, "नेम तो नेम."

"मला आल्या तेव्हा माझ्या गावानं मला घरात घेतलंच ना?"

"तुझं गाव निराळं," पाटील म्हणाला आणि तपकीर ओढली.

गोमीनं हे खडकावर जाऊन सांगितलं. हाशी काही बोललीच नाही, आणि गोमी घाबरली ती त्याला. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "मग डोक्यावर सावली तरी कर. टाळू फुटते उन्हानं." गोमीनं झावळ्यांची खोप घातली, वाऱ्यानं ती नेली. तीनदा घातली, तीनदा गेली. वाऱ्याला पुरून उरायचं तर झाड हवं, आणि झाडाला माती हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघालेली माणसं काठावर आली तर गोमी वल्हं आडवं धरून उभी. म्हणाली, "माझ्या सासूच्या डोक्यावर झाडाची सावली पडेपर्यंत या तरीत रिकाम्या हातानं कुणी बसायचं नाही. तुमच्या अंगणात तिला जागा नाही ना? मग तुमचं अंगण तिच्याकडे जाईल. मुठीमुठीनं."

"ही अडवणूक झाली, गोमे."

"मग पोहून जा."

लोकांनी चार दिवस शिव्या दिल्या आणि पाचव्या दिवशी माती आणली. पाटील तेवढा हट्टाला पेटला. खाडीला वळसा घालून, दोन दिवस चालून बाजार करायचा. असं त्यानं वर्षभर केलं म्हणतात. मग एक दिवस लंगडत आला, धोतराच्या सोग्यात माती बांधून. गोमीनं बघितली आणि म्हणाली, "पाटील, मूठ लहान आहे तुमची." तो मुकाट्यानं परत गेला आणि पाटीभर घेऊन आला.

पण त्याच्या आधीच गोमीची मोठी चूक झाली होती. पहिल्या चार महिन्यांची माती तिनं उतरायच्या जागेपाशीच ओतली, टोपली तिथवर न्यायला सोपी म्हणून. पावसाळ्यातल्या पुनवेच्या मोठ्या उधाणानं ती एका भरतीत धुऊन नेली. गोमी डोक्याला हात लावून बसली. सासू शांतपणे म्हणाली, "तू पाण्यावरून फिरतेस. मी इथं बसून पाणी बघते. ते कुठवर येतं हे कुणाला ठाऊक असणार?" आणि तिनं खडकाच्या माथ्यावरची खोलगट जागा दाखवली. तिथं पाणी कधीच चढत नव्हतं. भोवती तिनं दगडांचा बांधही रचून ठेवला होता.

"मग आधी का नाही सांगितलंस, आते?"

"तू विचारलंस कुठं?"

त्या दिवशी दोघी ओहोटी लागेपर्यंत भांडल्या. आवाज पाड्यापर्यंत गेला आणि लोकांना उगाचच बरं वाटलं.

माथ्यावर माती साठू लागली. एकदा होडीत चढणाऱ्या गोमीच्या ओल्या पायांना चिकटलेली माती हाशीनं पाहिली आणि ओरडली, "पाय झटकून जा! आणायची मूठभर आणि न्यायची पायभर, हे मला चालायचं नाही."

गोमीला ते लागलं. "पाय झटकून गेलेलं माणूस परत येत नसतं, आते."

"तू येशील. अळणी खाऊ घालायला दुसरं आहे कोण तुला?"

तेव्हापासून गोमी रोज पाय झटकून निघायची आणि रोज परत यायची.

झाड मात्र कुणी लावलं नाही. गोमीनं कालवणात चिंचोका तसाच राहू दिला, हाशीच्या दाताखाली आला. तिनं सुनेच्या नावानं बोटं मोडली आणि तो मातीत थुंकला. तीच ही चिंच.

बारा वर्षांनी तिची सावली हाशीच्या डोक्यावर पडली. पाड्यालाही तोवर नेमाची लाज वाटू लागली होती. लडकू पाटील स्वतः होडी सजवून म्हातारीला न्यायला आला. गोमीनं घर सारवलं होतं, सासूची जागा झाडून ठेवली होती. बारा वर्षं ती याचीच वाट बघत होती. हाशीनं पाटलाकडे बघितलं, वर चिंचेकडे बघितलं. म्हणाली, "तुमच्याकडे येऊन बसू कुठं? अंगणं तर सगळी खरवडून इथं आणलीत."

ती गेली नाही. गोमी वळली, होडीत चढली आणि त्या दिवशी पाय न झटकताच निघाली. म्हातारी उठून उभी राहिली.

ऊन कलल्यावर होडी परत आली. पायांची माती पायांनाच होती. डोक्यावर चुलीचे तीन दगड, काखेत मिठाचं मडकं. गोमी चिंचेखाली आली आणि म्हणाली, "सरक जरा, आते."

पुढं दोघी तिथंच राहिल्या आणि तिथंच संपल्या. लोकांनी माती न्यायचं काही थांबवलं नाही.

आजही बायका पाराशी मूठ सोडताना "आते, माती आणली" म्हणतात. माती एवढी साठते की बागवाल्यांना पार दोनदा उंच करावा लागला. आणि परतीच्या लाँचला चढताना लाँचवाला ओरडतो, "पाय झटका!" नवखी माणसं रागावतात, आपल्याला हाकलतात असं त्यांना वाटतं. जाणती माणसं चपला काढून नीट झटकतात, आणि लाँच सुटायच्या आधीच पुढच्या खेपेची वेळ विचारून घेतात.