तोच असेल तर दार उघडा

त्या उन्हाळ्यात ख्रिस्ती कीर्तनकार शांतवन महाराजांचा मुक्काम बोरवंडला होता. गोदाकाठची लहानशी ख्रिस्ती वस्ती, मधोमध पत्र्याचं देऊळ, आणि संध्याकाळी महाराजांचं कीर्तन. ‘प्रभू येशू पुन्हा येणार’ असं महाराज टाळ वाजवत म्हणू लागले, की पुढ्यात बसलेल्या दिनाबाईचा चेहरा कसा उजळून निघे! बाई विधवा, लोकांच्या रानात खुरपायला जाणारी. पण पंचमीला भाऊ मुराळी होऊन न्यायला येणार म्हटल्यावर सासुरवाशीण जशी उंबऱ्यात वाट बघते ना, तशी ती प्रभूची वाट बघे.

मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे कारभारी, हनोखराव यांना हे मुळीच रुचेना. माणूस नेमाचा, पण जिभेला हाड नाही. भर देवळात म्हणत, “दिनाबाई, प्रभू काय तुला माहेरी न्यायला येतोय? न्याय करायला येतोय तो! तेव्हा तोंड लपवायला जागा मिळायची नाही!” लोक फिदीफिदी हसत. हनोखरावांची धाकटी लेक मार्था मात्र आईच्या पदरात शिरे. पोर झोपेतसुद्धा दचकायची. दिनाबाईला त्या लेकराचं फार वाईट वाटे. एकदा तिनं विचारलंच, “महाराज, माझं चुकतंय का हो? भ्यायला पाहिजे का?”

महाराज म्हणाले, “बाई, ज्यानं आपल्यासाठी हातापायांत खिळे सोसून जीव दिला तोच येतोय, दुसरा कोणी नाही. आपल्या माणसाला काय भ्यायचं?”

पुढच्याच रविवारी, भर उपासनेत, आभाळ काळंठिक्कर झालं. धुळीचा असा लोट उठला की हातातलं पुस्तक दिसेना. पत्रे धडाधडा वाजू लागले. हनोखराव किंचाळले, “आला! तो दिवस आला!” एकच गोंधळ उडाला. त्यांनी धावत जाऊन दाराला कडी घातली. तेवढ्यात त्यांची बायको ओरडली, “अहो, मार्था कुठंय?”

पोर बापाच्या आरोळीनं घाबरून केव्हाच बाहेर पळाली होती. देवळामागं बिनकठड्याची विहीर, आणि बाहेर डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा अंधार! दिनाबाई दाराकडे धावली. “हनोखदादा, कडी काढा!” पण हनोखराव दाराला पाठ लावून उभे. “त्याच्यासमोर कसा जाऊ गं मी?”

महाराजांनी हात जोडले. “प्रभो, लेकरू तुझं आहे.”

आणि दारावर थाप पडली.

“उघडू नका!” हनोखरावांनी कडी घट्ट धरली. “तोच आलाय!”

“अहो, तोच असेल तर उघडायलाच पाहिजे की!” दिनाबाईनं त्यांना बाजूला सारलं आणि कडी काढली.

दारात मार्था उभी! एवढ्या वादळात पोरीच्या अंगावर धुळीचा कण नव्हता. आईनं झडप घालून तिला कवटाळलं. मार्था म्हणाली, “मी विहिरीत पडत होते. मामांनी हात धरला.”

“कोणते मामा गं?” दिनाबाईनं विचारलं. बाहेर तर चिटपाखरू नव्हतं.

“दार वाजवून गेले ते. त्यांच्या हाताला केवढं लागलंय, पार आरपार! मी फुंकर घातली तर हसले.”

दिनाबाई उंबऱ्यातच बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. एवढ्या जवळ येऊन गेले होते ते!

हनोखराव महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी त्यांना वरच्यावर धरलं. “माझ्या पायांशी नको, दादा.” तेव्हा तो ताठ मानेचा माणूस वळला आणि सगळ्या मंडळीदेखत त्यानं दिनाबाईपुढं डोकं टेकलं. “बाई, माझ्याच लेकीला मी त्याच्यापासून पळायला शिकवलं गं!”

“उठा, दादा. लेक हाक मारतेय,” दिनाबाई म्हणाली.

मार्था त्यांची बाही ओढत होती. “बाबा, ते मामा परत येतील?”

हनोखरावांनी तिला उचलून घेतलं. उघड्या दाराकडे बघताना त्यांना हुंदका आवरेना.

“येतील गं, बाळा. लवकर यावेत.”