पारूबाईंची नववी पाटी

आमच्या दाभोळेसाहेबांनी सोमवारी फर्मान काढलं. चिपच्या आत इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या आठ तारा आहेत, त्यांतल्या एका वेळी चारहून जास्त बदलता कामा नयेत आणि निरोप एकही चुकता कामा नये. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर प्रकल्प बंद!

हट्टाला कारण होतं. प्रत्येक तारेवर शून्य असतं नाहीतर एक. तार तशीच राहिली तर वीज जवळपास लागत नाही. शून्याचा एक किंवा एकाचं शून्य झालं की लागते. आमची चिप त्यानेच तापत होती.

मी या विषयातला डॉक्टर. चार दिवस खपून मी बेचाळीस पानी अहवाल लिहिला आणि हे अशक्य असल्याचं सिद्ध केलं. आठही तारा बदलायच्या असतील तर आठच बदलणार, हा त्याचा सारांश. मला तो फार खोल वाटला होता.

शुक्रवारी सहानंतर अहवाल घेऊन मी साहेबांना दारात गाठलं. तिथं आम्हा आठ इंजिनियरांच्या नावांचा फळा आहे. नावापुढच्या 'आत-बाहेर'च्या पाट्या फिरवायचं काम शिपाई पारूबाई खिलारे यांचं. सातजण केव्हाच घरी गेले होते, तरी फळ्यावर ते सातही आत होते आणि मी एकटा बाहेर!

साहेब उखडले. पारूबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खालची पाटी वाचा की."

फळ्याखाली एक जादाची पाटी लटकत होती: 'सगळं उलट वाचा.'

"सात पाट्यांसाठी सातदा स्टुलावर चढायला माझे गुडघे तयार नाहीत. म्हणून सरांची एक फिरवली, ही एक टांगली. दोनात भागलं. सरांना कालच म्हटलं, तुमच्या तारांनाही एक जास्तीची जोडा. निम्म्याहून जास्त बदलायची पाळी आली की तिनं सांगायचं, उलट वाचा. तर सर म्हणाले, पारूबाई, हे गणित आहे."

मी असं म्हणालो होतो.

साहेबांनी माझ्याच अहवालाच्या पाठीवर आकडेमोड केली. जास्तीची तार धरूनही बदल चारच्या वर जाईना. मग ते हसत सुटले ते थेट पायरीवर बसले. प्रकल्प वाचला. सोमवारच्या बैठकीत पारूबाईंना साहेबांशेजारची खुर्ची मिळाली, बढतीही.

ही युक्ती जुनीच आहे, पुस्तकात आहे, हे मला नंतर कळलं. पुस्तक माझ्याकडेच होतं. मॉनिटर उंच करायला मी ते त्याच्याखाली ठेवलं होतं.

पाट्या आता पारूबाई फिरवत नाहीत. ते काम साहेबांनी मला दिलंय.