खात्री नसलेली हाळी

एकदा एक वृद्ध गुळव्या आपली जागा शिष्याला सोपवायला निघाले होते. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावरचा जाणता माणूस. काहिलीत उकळणारा उसाचा रस कोणत्या क्षणी गूळ होतो, हे तो ओळखतो. काहील जरा आधी उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. या गुळव्याने, सिदूअण्णांनी, हे काम चाळीस वर्षं केलं होतं आणि पंचक्रोशीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

शिष्य रणधीर हा गुऱ्हाळाच्या मालकांचा पुतण्या, पुण्याच्या एका कारखान्यात दीडशे माणसांवरचा साहेब. काकांनी बोलावलं म्हणून नोकरी सोडून आला होता. संक्रांतीला अण्णांनी सगळ्यांसमोर 'आता हा बघेल' म्हटलं, की सगळा कारभार त्याच्याकडे येणार होता. माणूस हुशार, कष्टाळू, मन लावून शिकणारा. दोष एवढाच, की कुणाची चूक दिसली की त्याची जीभ सुटायची. आपल्यापैकी किती साहेबांची आवरते, ते ज्याचं त्यानं बघावं.

या गुऱ्हाळाची एक जुनी रीत होती. करपल्याचा वास ज्याला येईल त्याने 'उतरा' अशी हाळी द्यायची, आणि हाळी आली की का, कशाला, असं न विचारता काहील उतरवायची. एके दिवशी रस ढवळणाऱ्या केरबाने हाळी दिली. काहील उतरली. अण्णांनी पाकाचे चार थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी चाचपले, पण गोळी काही होईना. घाई झाली होती. सबंध आदण, म्हणजे काहिलीभर रस, वाया गेलं.

रणधीरने केरबाला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. वीस वर्षं ढवळतोयस आणि वास कळत नाही का, यापुढे खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं चारचौघांत सुनावलं. केरबाने मान खाली घातली. दिवसातली पहिली वाटीभर काकवी गुळव्याच्या मानाची असते. अण्णांनी ती उचलली आणि कुणाला काही न सांगता केरबाच्या हातात दिली.

रणधीर मनातून चरफडला. आपण शिस्त लावायची आणि अण्णांनी चुकणाऱ्याचाच मान करायचा, मग उद्या आपलं ऐकणार कोण?

पुढचे चार दिवस गुऱ्हाळ कसं शांत होतं. हाळी नाही, धावपळ नाही. आपला शब्द बरोबर लागू पडला, असं वाटून रणधीर खूश होता. पाचव्या दिवशी तो बाहेर उसाच्या गाड्या उतरवून घेत असताना आत आदण करपलं, अगदी काळं ठिक्कर पडलं. काहिलीभोवती सहा माणसं उभी होती आणि एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

रणधीरने अण्णांना बाजूला गाठलं. इतर राहू देत, तुम्ही स्वतः काहिलीशी होता, तुम्हाला वास कसा आला नाही, असं त्याने जरा तोऱ्यातच विचारलं. अण्णा चिपाडांच्या ढिगाला टेकून बसले.

"मला वास येत न्हाई, बाळा. दोन वर्सं झाली. मोठं दुखनं झालं, त्यात नाक गेलं ते गेलंच. रंग दिसतो, बोटाला गोळी कळते. पन करपनं आधी वासाला कळतं, मग डोळ्याला. दोन वर्सं हा गूळ मी न्हाई राखला, ह्या मान्सांनी राखला. धा हाळ्या दिल्या तर दोन चुकनारच. चुकलेल्या हाळीचा मान ठेवला, तरच खरी हाळी येळंवर येती."

रणधीरचा तोरा उतरला. मग आज केरबा गप्प का राहिला, त्याला तर तुम्ही मान दिला होता, असं त्याने हळूच विचारलं.

"मी आजचा, तू उद्याचा. मान्सं उद्याच्या मालकाचं ऐकत्यात."

"तुमच्या नाकाचं इथं सगळ्यांना ठाऊक आहे?"

"समद्यांना. तुलाच कुनी सांगितलं न्हाई. मी बी न्हाई. लाज वाटली. ती चूक माझी."

एवढा मोठा माणूस आपल्यासमोर आपली चूक कबूल करतोय, आणि आपण त्याच्याच माणसांची तोंडं बंद करून बसलो, हे रणधीरच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना काहिलीपाशी जमवलं आणि कालचं आदण मीच करपवलं, असं सांगितलं. मग तो केरबाकडे वळला आणि वास आला होता का, असं विचारलं. केरबा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"आलता, धाकलं मालक. पन खात्री नव्हती."

"खात्री करणं माझं काम," रणधीर म्हणाला. "तुम्ही हाळी देत चला."

काल-परवापर्यंत तो केरबाला अरे-तुरे करत होता. केरबाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ढवळायला सुरुवात केली.

मंडळी, आपल्या कचेरीत बरेच दिवस अगदी शांतता असेल, तर उद्या जाऊन एकदा केरबाला विचारून बघा.