तीन नावांचा अर्ज

“माझ्यावर एकानंही विश्वास ठेवला नाही, हे अर्जात वर घालू की खाली?”

मठाच्या ओसरीवर माईजी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला अर्ज, गोपिका?”

“नोकरीचा. तालुक्याच्या दवाखान्यात रोग्यांचा स्वयंपाक करायला बाई हवीय. अर्जाबरोबर स्वतःबद्दल चार ओळी लिहून आणा म्हणाले. मी दोन पानं लिहिली.”

मी चौथी शिकलेली, पण अक्षर ठसठशीत. नदीकाठच्या त्या मठात मी काही सल्ला घ्यायला गेले नव्हते. शाबासकी घ्यायला गेले होते.

“वाच.”

मी खणखणीत वाचलं. मुलींच्या वसतिगृहात चौदा वर्षं स्वयंपाक केला. एके दिवशी सकाळची उरलेली आमटी संध्याकाळी वाढायची होती. तिला आंबूस वास आला. वॉर्डन शेवंताबाईंना सांगितलं, त्या हसल्या. कोठीवाल्या कुंभोजकरांना सांगितलं, ते म्हणाले, तुझं नाक फार लांब. चिटणीस दामूअण्णांना सांगितलं, त्यांनी फोनच ठेवला. सात मुली आजारी पडल्या. आणि कामावरून कुणाला काढलं? मला!

एकेका नावाला माईजींनी माझ्यापुढं लसणाची एकेक पाकळी ठेवली होती. तीन झाल्या.

“झणझणीत लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “मग? कुणी ऐकलं नाही, त्यानंतर?”

“त्यानंतर काय! वाढली. जेवणाची घंटा झाली होती, पोरी ताटं बडवत होत्या.”

“तू खाल्लीस?”

“मी कशाला खाऊ? वास येत होता ना!”

बोलून गेले आणि...

माईजींचे हात थांबले.

मी कागदाची घडी घातली. परत उघडली.

“पोरी बऱ्या झाल्या हो, माईजी. सगळ्या.”

“छान झालं.”

“चार महिने घरी बसलेय मी. मीच वाढली, हे लिहिलं तर मला नोकरी कोण देईल?”

“आणि न लिहिता मिळाली, तर रोग्यांच्या ताटात काय पडेल?”

मला राग आला. असा आला की उठून चालू लागावं. पण उठले नाही.

“म्हणजे त्या तिघांचा काही दोष नाही? खोडून टाकू त्यांची नावं?”

“खोडू नकोस. यादी खरी आहे.”

“मग?”

“अपुरी आहे.”

त्यांनी आणखी एक पाकळी उचलली. त्या तीन पाकळ्यांच्या शेजारी ठेवली नाही. माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

“हिचं नाव काय लिहू?” मी विचारलं.

“पूर्ण लिही. गोपिका धोंडिराम खरमाटे.”