महाराजांनी म्हटले, ‘वळ’

माणदेशात सातदरे नावाचे एक गाव आहे. तेथील महादेवाच्या देवळात, एका ओवरीत महाराज राहत. कुठून आले हे कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. लोक त्यांना ओवरीचे महाराज म्हणू लागले. अंगावर एक घोंगडी आणि बोलणे अगदी मोजके. पण त्यांचा शब्द ज्याने मनापासून झेलला, त्याचे कल्याणच झाले! त्यांच्या अशा एका शब्दाची ही कथा.

गावात म्हसू म्हणून एकजण होता. त्याचा एक पाय लहानपणापासून अधू. घराणे दोर वळणाऱ्यांचे, पण बाप लवकर गेला, आणि लंगड्याला काम कोण देणार म्हणून म्हसूने खांद्याला झोळी लावली. हातांत बळ होते हो! पण ‘तुला जमायचं नाही’ हे ऐकून ऐकून त्यालाही ते खरे वाटू लागले होते. पुढे ज्याचे दोर पंचक्रोशीतल्या मोटांना लागले, ज्याच्या दारात दुभती गाय आली, तोच म्हसू तेव्हा भाकरीच्या शिळ्या तुकड्यासाठी दारोदार फिरत असे.

एका सकाळी तो ओवरीपुढे आला आणि त्याने झोळी पसरली. गावचे बडे बागायतदार हैबतराव देशमुख तेथेच बसले होते. महाराजांनी झोळीकडे पाहिले नाही, अधू पायाकडेही पाहिले नाही. म्हसूच्या हातांकडे पाहत ते म्हणाले, “वळ बाबा. आता वळ.”

देशमुख खो खो हसले. “ऐकलंस का रे? महाराज म्हणतात, माघारी वळ! इथंही तुझी डाळ शिजायची नाही.”

म्हसू मात्र जागच्या जागी खिळला. त्याच्या घरात हा शब्द माघारी फिरण्यासाठी कोणी वापरलाच नव्हता. सकाळी उठले की बाप आईला म्हणे, “चल, वळाया बस.” म्हसूच्या कानांना त्या शब्दात दोरच ऐकू आला. महाराजांच्या मनात कोणता अर्थ होता, हे आपण पामरांनी काय सांगावे!

तो घरी आला आणि बायकोला, ठकूला, म्हणाला, “म्हाराजांनी दोर वळाया सांगितलाय.” तिने झोळी त्याच्या खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली आणि विळा पुढे केला.

बांधावरचे घायपात कोणाच्या मालकीचे नव्हते. दोघांनी त्याची पाने कापली, ओढ्याच्या डबक्यात कुजवली, बडवली. त्या वासाने शेजारी नाक धरीत. पानांतल्या तंतूंचा वाख निघाला, वाळला, पण म्हसूचे हात वळणे विसरले होते. पहिला दोर हातातच उसवला. दुसरा एकीकडे जाड, एकीकडे बारीक. म्हसू उकली आणि पुन्हा वळी. तळहात सोलले, चूल कित्येकदा थंड राहिली, पण झोळी काही खुंटीवरून खाली आली नाही. अखेर दोर असा जमला, की म्हसूच्याच डोळ्यांत पाणी आले.

तो विकायला बसला तेव्हा देशमुख म्हणाले, “भिकाऱ्याचा दोर! त्यानं शेळी बांधली तर शेळीसुद्धा दारोदार हिंडेल.” गाव हसले. मग तो दोर घेण्याचा धीर कोणाला होणार?

वैशाखात म्हसूचा धीर सुटला. ठकूला घेऊन तो ओवरीपुढे आला आणि दोराचे वेटोळे पायरीवर ठेवून रडू लागला. “म्हाराज, कुनी घेत न्हाई. उद्यापास्नं पुन्हा झोळीच.”

महाराज म्हणाले, “दोर पुरा झाला का?”

“विकायच्या घाईत टोक ऱ्हायलंय. एवढा मूठभर वाख उरलाय.”

महाराजांनी ती मूठ हातात घेतली, क्षणभर धरली आणि ठकूच्या पदरात टाकली. “पुरेल. आधी दोर पुरा कर, मग झोळी.”

इतक्यात देवळामागच्या मळ्यातून आरडाओरडा आला. विहीर आटली म्हणून देशमुख स्वतःच झरा पाहायला उतरले होते. शहरातून आणलेला त्यांचा झोकदार दोर चाकावर घासून तटकन तुटला होता. देशमुख मध्येच उंबराच्या एका मुळाला लटकत होते आणि खाली नुसते खडक. दुसरा दोर ओढ्यापलीकडच्या मोटेला होता. गडी तिकडे धावला खरा, पण तो येईपर्यंत मूळ टिकेल असे कोणालाच वाटेना.

म्हसूने लंगडत जाऊन आपला दोर सोडला. अरेरे! तो देशमुखांच्या डोक्याच्या कितीतरी हात वरच लोंबकळत राहिला.

म्हसूने दोर वर ओढला. ठकूने टोक धरले आणि दोघे काठावरच वळायला बसली.

“म्हसू, कसाही वळ, पण लवकर टाक!” खालून देशमुख ओरडले.

“देशमुख, घाईचा पीळ सुटतो. तुमी तेवढं धरून ऱ्हावा!”

पेडावर पेड चढत गेला. एकाएकी ठकू ओरडली, “आवं, वाख सरंना!” पदरातली मूठ जशीच्या तशी होती! म्हसूने वर पाहिले नाही. देव वाख पुरवीत होता, पण वळायचे म्हसूलाच होते. दोर पुरा झाला, पदर रिकामा झाला, आणि या वेळी टोक थेट देशमुखांच्या हाताशी पोचले. सगळ्यांनी मिळून ओढले. दोराचा एक तंतूही तुटला नाही, आणि देशमुख काठावर आले! गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. ठकू तर तेथेच मटकन बसून रडली.

महाराज काठाशी येऊन उभे होते. देशमुख धावत जाऊन त्यांच्या पायांवर पडू लागले, तसे महाराज मागे सरले.

“इकडे नव्हे, देशमुख,” महाराज म्हणाले. “वळा.”

देशमुखांना त्या सकाळचे आपले हसणे आठवले. ते वळले. मागे म्हसू दोराचे वेटोळे आवरीत उभा होता. देशमुखांनी त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि डोके त्याच्या पायांवर ठेवले. म्हसू गडबडून अधू पाय मागे घेऊ लागला, पण देशमुखांनी मघाशी दोर धरला होता तितकाच घट्ट तो पाय धरला होता.