पाठमोरीचा खळगा

कोडपेटोल्याच्या वेशीबाहेर मोहाचं एक जुनं झाड आहे आणि त्याच्या मुळाशी वीतभर खोल खळगा. जंगल बघायला आलेले लोक विचारतात, डुकरांनी उकरलाय का? मग गावातल्या म्हाताऱ्या फगनीबाई मडावी पदर सावरून बुंध्याशी बसतात आणि सांगतात, की नाही, हे एका आईच्या टाचांचं काम आहे.

फार मागे, म्हणे, या गावात सोमारी नावाची सून होती. पहिलटकरीण. बाळ रडलं तर का रडतंय, आणि झोपलं तर श्वास चालू आहे ना, या दोन काळज्यांच्या मधे तिचा दिवस जायचा. त्याला पाठीला बांधल्याशिवाय ती पाण्यालाही जात नसे. सासू म्हणायची, "काऊन वं, पोरगं पाठीलेच उगवलं का?" सोमारी हसायची, पण गाठ सैल करायची नाही.

एकदा मोहफुलं वेचताना तिला गवतात चितळाचं पाडस दिसलं. एवढंसं, अंगभर ठिपके, मान जमिनीला टेकवून पडलेलं. जवळ गेली तरी हललं नाही. आईनं टाकलं असणार, असं तिच्या मनानं घेतलं. तसल्या आईला मनातल्या मनात दोन शब्द सुनावून तिनं पाडस ओटीत घातलं आणि घरी आणलं.

पाडसानं शेळीच्या दुधाला तोंड लावलं नाही. संध्याकाळपासून कुंपणापलीकडे मादी हाका मारत फिरत राहिली. सकाळी पाडसाची मान उभी राहीना, तेव्हा गावच्या भुमकाला, म्हणजे देवाचं करणाऱ्या पुजाऱ्याला, बोलावलं. त्यानं सोमारीलाच विचारलं, वाघाला नखं आहेत, रानडुकराला सुळे, चितळाच्या नराला शिंगं. मग मादीकडे काय आहे? मादीकडे लांब राहणं आहे, भुमकानं सांगितलं. इवल्या पाडसाला वास नसतो, तिला असतो. ती जवळ बसली तर वाघ वासावर येईल, म्हणून ती दूर चरते आणि पाजण्यापुरती येते.

"टाकलं नोतं, माय," तो म्हणाला. "लपवलं होतं."

सोमारीनं पाडस होतं तिथेच नेऊन ठेवलं, आणि राखण करत शेजारीच बसली. मादी झुडपाआड उभी होती. कान हलत होते, पाय पुढे पडत नव्हते. ऊन चढलं, पाडसाचे डोळे मिटू लागले. आपण उठल्याशिवाय ती येणार नाही, हे सोमारीला कळत होतं. पण जिनं एकदा पाडस नेलं ती बाई पुन्हा नेणार नाही, हे मादीनं तरी कशावरून मानावं?

शेवटी सोमारीनं पाठीची गाठ सोडली आणि बाळाला पाडसाशेजारी गवतात निजवलं.

"तुयं मी नेलं," ती झुडपाकडे बघून म्हणाली. "आता मायं तुयापाशी ठेवते."

आणि ती या मोहापर्यंत चालत आली. वळून बघितलं तर शब्द मोडला, असं तिनं मनाशी धरलं होतं. मागे बाळ रडलं, मग गप्प झालं. ते गप्प होणं रडण्याहून वाईट होतं. पाय फिरू नयेत म्हणून तिनं टाचा मातीत रोवल्या. असं सांगतात, की ती तशी पाठमोरी उभी राहिली तेवढ्या वेळात जमीन वीतभर खाली गेली. मग मागून चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं वाळला पाला वाजत वाजत दूर गेला.

ती परतली तेव्हा पाडस नव्हतं. बाळ झोपलं होतं. कपाळ ओलं होतं, कुणी चाटल्यासारखं, आणि त्याला रानगवताचा वास येत होता. श्वास मात्र तिनं तपासलाच, असं फगनीबाई सांगतात, आणि ऐकणाऱ्या बायका हसतात.

आजही कोडपेटोल्यात गवतात पडलेलं पाडस कुणी उचलत नाही, वाट सोडून लांबून जातात. आजही बाळंतपणानंतर पहिल्यांदा कामाला निघालेली बाई बाळ सासूच्या मांडीवर देते, मोहापर्यंत येते, घडीभर खळग्यात उभी राहते आणि मागे न बघता शेताकडे जाते. पावसाळ्यात खळगा गाळानं भरतो. पण गावात कुणी ना कुणी नवी आई असतेच, त्यामुळे तो बुजत नाही.